काळी पडलेली जुनी चांदी घरी कशी साफ करायची, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही

गावचं घर आवरायला काढलं, वाडा बिल्डरला गेला, आजेसासूबाईंची पेटी उघडली, की जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं हमखास निघतं. आत पळी-पंचपात्री, एखादं फुलपात्र, बाळाचे वाळे, तोरड्या, करंडा, दोन-चार देव आणि तळाशी पाच-सात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, रुपये, आणि सगळं कोळशासारखं काळं. मग घरातलं कोणीतरी लगेच टूथपेस्ट नाहीतर रांगोळी घेऊन बेसिनपाशी उभं राहतं. तिथेच थांबा. आधी हे वाचा, मग काय ते करा.

पहिली गोष्ट, तो काळा थर म्हणजे वरून बसलेली घाण नाही. ती चांदीच आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी किंचित असतो, त्यातलं गंधक चांदीला चिकटतं आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, ते काळं दिसतं. गटार, नाला, खाडीचा चिखल, कांदा-लसूण, अंडी, लोकर, रबर, या सगळ्यात गंधक आहे, म्हणून खाडीच्या कडेला राहणाऱ्यांची चांदी लवकर काळवंडते आणि रबरबँड लावून ठेवलेल्या चमच्यांवर बरोबर रबरबँडच्या जागी काळा पट्टा उमटतो. तर तुम्ही जेव्हा तो थर घासून काढता तेव्हा त्यात अडकलेली चांदीही फडक्यावर निघून येते. एका वेळी नगण्य, कबूल. पण दर सणाला, दर गौरी-गणपतीला, तीन पिढ्या हेच चाललं की काय होतं ते बघायचं असेल तर देव्हाऱ्यातले जुने टाक हातात घ्या. खंडोबाचा घोडा ओळखू येतो, पण वर बसलेल्याचं नाक-डोळे सपाट झालेत, म्हाळसेचा चेहरा म्हणजे नुसता एक उंचवटा उरलाय. आणि त्याच टाकाच्या कडेला, जिथे बोट पोचत नाही तिथे, नक्षी अजून नवी कोरी दिसते. ही झीज पूजेची कमी आणि रांगोळीने घासण्याची जास्त.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की जिथे जमेल तिथे काळेपणा घासून काढायचा नाही, रसायनाने उलटवायचा. गंधक काढून घ्यायचं आणि चांदी जागच्या जागी ठेवायची. ते घरात होतं, खायचा सोडा आणि पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल, बस. पण सगळ्याच वस्तूंना ते चालत नाही, म्हणून आधी जरा निवडानिवड करावी लागते.

गाठोडं टेबलावर पसरा आणि चांगल्या उजेडात एकेक वस्तू बघा. लोहचुंबक लावा, चिकटलं तर आत बहुधा लोखंड आहे, चांदी चुंबकाला चिकटत नाही. न चिकटलं म्हणजे चांदीच असं मात्र नाही, कारण जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही आणि त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्ताचा तो मिश्रधातू आहे. चमचे-काटे, ट्रे, चहाची किटली असलं काही असेल तर मागे शिक्का शोधा. ईपीएनएस अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ते निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचं पाणी दिलेलं आहे, चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात चांदी म्हणून मिळणाऱ्या वस्तूंमध्ये हे भरपूर असतं. 925 असा आकडा असेल तर हजारात 925 भाग चांदी. आपल्याकडच्या जुन्या घरगुती वस्तूंवर बहुतेक वेळा एवढं काही लिहिलेलं नसतं, फार तर सराफाचा छाप असतो, कितीचा टंच, म्हणजे शुद्धता किती, ते सराफच सांगेल. पाणी दिलेल्या वस्तूवर कोपऱ्यात, काठावर, मुठीपाशी पिवळट किंवा राखाडी धातू उघडा पडलेला दिसतो. तसं दिसलं तर घासायचं पूर्णच विसरा, तिथला पातळ थर आधीच संपत आलाय.

आता वेगळ्या काढायच्या वस्तू. मोती, पोवळं किंवा कुठलेही खडे असलेलं, मीनाकाम केलेलं, पोकळ आणि आत लाख भरलेलं (जुने तोडे, कडी, काही मूर्ती, सुरीच्या मुठी), लाकडी दांडा असलेलं, दोऱ्यात ओवलेलं, आणि ऑक्सिडाइज्ड म्हणजे नक्षीच्या खाचेत मुद्दाम काळं ठेवलेलं काम. ह्यातलं काहीही गरम पाण्यात टाकायचं नाही. लाख मऊ होते आणि सांध्यातून तपकिरी चिकट घामासारखी बाहेर येते, मोती खराब होतात, आणि ऑक्सिडाइज्ड दागिना सोड्याच्या पाण्यात टाकला तर कारागिराने कष्टाने आणलेला काळेपणा दोन मिनिटांत गायब आणि दागिना पांढराफटक. नाणी तर एकदम वेगळ्या वाटीत ठेवा, त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

उरलं ते भरीव, साधं, चांदीचं. वाट्या, फुलपात्रं, ताम्हन, पळी, निरांजन, साधे वाळे, पैंजण. याला आधी अंघोळ. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब किंवा रिठ्याचं पाणी, त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं आणि मऊ टूथब्रशने, म्हणजे लहान मुलांचा येतो तसल्या, खाचाखोचा हलक्या हाताने धुवायच्या. ही पायरी कोणी करत नाही आणि मग म्हणतात सोड्याने काही झालंच नाही. तेल-तूप, कुंकवाचा मेणचट थर, निरांजनाची काजळी, हे सगळं चांदी आणि पाणी यांच्या मध्ये बसतं आणि पुढची क्रिया होऊच देत नाही. काजळी म्हणजे नुसता कार्बन, ती सोड्याच्या पाण्यात कधीच जाणार नाही, ती साबणानेच निघते. निरांजनाच्या वाटीत तूप थिजलेलं असेल तर आधी गरम पाणी ओतून ते वितळवून टाका.

मग मुख्य काम. एक पसरट भांडं घ्या, स्टीलचं, काचेचं, प्लॅस्टिकचा टब, काहीही चालेल. त्याच्या तळाला आणि कडांना फॉइल लावा. चांदीच्या वस्तू फॉइलवर अशा ठेवा की प्रत्येक वस्तू फॉइलला टेकली पाहिजे, एकमेकांवर रचू नका. एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, त्यात एक मोठा चमचा खायचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ घाला. सोडा टाकल्यावर पाणी फसफसून वर येतं म्हणून पातेलं जरा खोल घ्या. हे पाणी वस्तू बुडतील इतकं ओता. अर्ध्या मिनिटात अंड्याचा कुजका वास आला तर घाबरू नका, तो आलाच पाहिजे, चांदीला चिकटलेलं गंधक सुटून हायड्रोजन सल्फाइड म्हणून बाहेर पडतंय. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, भांड्यावर वाकून वास घेत बसू नका.

होतं असं की ॲल्युमिनियम चांदीपेक्षा जास्त सहज इलेक्ट्रॉन सोडतं, सोड्या-मिठाच्या पाण्यातून ही देवाणघेवाण चालते, फॉइल गंजत जाते आणि सल्फाइडमधली चांदी परत चांदी होऊन तिथेच बसते. थोडक्यात एक छोटी बॅटरी. म्हणूनच फॉइलचा स्पर्श महत्त्वाचा. नुसतं सोड्याच्या पाण्यात भिजवलं आणि फॉइल नसेल तर तासभर बसा, काही होणार नाही. बेकिंग पावडरही नको, ती वेगळी वस्तू आहे. धुण्याचा सोडा असेल तर तो चालतो, उलट जोरात चालतो, पण हातमोजे घाला. आणि ह्यासाठी रोज वापरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, आतून काळं-राखाडी होतं.

हलका पिवळट-तपकिरी रंग असेल तर दोन मिनिटांत जातो. निळसर काळं असेल तर पाच-दहा मिनिटं, मध्ये एकदा चिमट्याने उलटवा, कारण वरच्या बाजूला उशीर लागतो. वर्षानुवर्षांचा कोळसा असेल तर एका फेरीत होत नाही, पाणी गार होतं, फॉइल मळकट होते, मग नवी फॉइल, नवं गरम पाणी आणि पुन्हा. रात्रभर बुडवून ठेवण्यात काही अर्थ नाही, पाणी थंड झालं की काम मंदावतं. पैंजणाच्या घुंगरात पाणी आत जाऊन बसतं, त्यामुळे पैंजण बाहेर काढल्यावर साध्या पाण्यात दोन-तीनदा खळखळून हलवा आणि फडक्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, पंख्याखाली अख्खी दुपार गेली तरी चालेल. बाकीच्या वस्तू भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसायच्या, आपोआप वाळायला ठेवलं की पाण्याचे डाग पडतात. पुसायला जुनं धुवट सुती धोतर किंवा मलमल, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. टिश्यू पेपर नको, ओरखडे पडतात.

एक सांगून ठेवतो म्हणजे निराश होणार नाही. ह्या पद्धतीने काळं जातं पण आरशासारखी चमक येत नाही. परत आलेली चांदी बारीक कणांची असते, म्हणून वस्तू पांढरी, जराशी मॅट दिसते. मला तशीच आवडते, जुन्या वस्तूला ती शोभते. पण समारंभाला मांडायचं ताट असेल आणि चमक हवीच असेल तर शेवटचा हात पांढऱ्या टूथपावडरचा. पेस्टचा नव्हे. साधी पांढरी टूथपावडर म्हणजे मुख्यतः बारीक खडू, ओल्या कापसावर चिमूटभर घ्या आणि अगदी हलक्या हाताने सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. घास म्हणत नाहीये, पूस म्हणतोय. पाणी दिलेल्या वस्तूंना हेसुद्धा नको.

टूथपेस्टवर माझा राग का तर प्रत्येक ब्रँडमध्ये काय घासणारं घातलंय ते सांगता येत नाही, व्हाइटनिंगवाल्यांमध्ये सिलिका असते आणि चांदी हा मऊ धातू आहे, उन्हात धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे लख्ख दिसतात. लाल दंतमंजनात गेरू, ते तर नकोच. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, दाणे एकसारखे नसतात. राखेचं म्हणाल तर आपल्या आज्या वस्त्रगाळ राख वापरायच्या, आताची बार्बेक्यूची राख घेऊन तेच होईल असं नाही. पितांबरी पितळ-तांब्याच्या भांड्यांना छान, चांदीला लावू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर ह्यांचं फार कौतुक होतं पण ह्या सौम्य आम्लांनी सिल्व्हर सल्फाइड विरघळतच नाही, चांदीत मिसळलेल्या तांब्याचा मळ तेवढा निघतो, बाकी जे उजळतं ते तुमच्या अंगठ्याच्या जोराने. हारपिक किंवा ब्लीचची कल्पना कोणी देत असेल तर त्या माणसाला चांदीपासून लांब ठेवा. ब्लीचने चांदी अजून काळी होते.

लिंबाचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे. वस्तूवर हिरवा चिकटा किंवा हिरवी बुरशीसारखी पूड दिसत असेल तर ती चांदीची नाही, मिश्रणातल्या तांब्याची आहे. तिथे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, कपभर पाण्यात एक छोटा चमचा, कापसाच्या बोळ्याने फक्त हिरव्या जागी लावायचं, पाच मिनिटं, मग भरपूर पाणी.

टाकांचं काय. चांदीच्या पत्र्यामागे बहुतेक वेळा तांब्याचा पत्रा असतो आणि दोन्हीच्या मध्ये पोकळी, त्यात अभिषेकाचं पाणी, दही, दूध वर्षानुवर्षं मुरलेलं. गरम पाण्यात टाकलं तर ते आत जाऊन बसतं आणि आतून गंज चालू राहतो. टाक, पोकळ मूर्ती, लाखेचे तोडे, खड्यांचं काम ह्या सगळ्याला एकच जवळजवळ कोरडी पद्धत. टूथपावडर आणि पाण्याचे थेंब-दोन थेंब, कानकोरण्याच्या कापसाच्या काडीवर, चेहरा सोडून. चेहरा सोडून हे मुद्दाम लिहितोय. सपाट पाठ, प्रभावळ, आसन एवढं उजळलं तरी देव छान दिसतात, आणि नाकाच्या-ओठांच्या खाचेत राहिलेला थोडा काळेपणाच मूर्तीला चेहरा देतो. पंचामृताच्या अभिषेकानंतर लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडं केलं तर मुळात एवढी वेळ येत नाही.

आता नाणी. राणीछाप, सातव्या एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे रुपये असतील तर ते साफ करू नका. सोडा नाही, फॉइल नाही, टूथपावडर नाही, अंगठ्याने पुसणंही नाही. नाणी जमवणारे लोक तो करडा-काळा थर बघूनच किंमत करतात, त्याला ते टोनिंग म्हणतात, खोलगट भागात काळं आणि उंच भागात उजळ असल्यामुळे राणीच्या मुकुटाची वेल आणि झग्यावरचं भरतकाम उठून दिसतं. तोच रुपया सोड्यात बुडवला की दोन्ही एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, आणि जाणकाराला हे लांबूनच कळतं. किंमत पडते ती पडतेच, परत आणता येत नाही. दिवाळीला सराफाकडून घेतलेलं लक्ष्मीचं नाणं असेल तर त्याला हे लागू नाही, ते खुशाल चमकवा.

घरी करण्यासारखं एवढंच. वजन करा, किचनमधला दशांश दाखवणारा काटा चालतो. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो, त्यात साधारण 91.7 टक्के चांदी. अर्धा रुपया त्याच्या निम्म्या वजनाचा. 1940 पासूनच्या रुपयांत चांदी 50 टक्क्यांवर आली, बाकी तांबं, निकेल, जस्त, म्हणून ते पिवळट पडतात, आणि 1947 चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो म्हणून नकली समजू नका. गोव्याकडच्या घरांत 1881-82 चा पोर्तुगीज राजा लुईशचा रुपया निघतो, तोही ह्याच वजनाचा. चांदीचा म्हणवणारा रुपया वजनाला बराच हलका भरला, चुंबकाला चिकटला किंवा त्यावर राम दरबार असून भलतंच जुनं साल असेल तर तो बाजारातला टोकन, भावूक होऊ नका.

नाण्यावर माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला, आणि मऊ फडक्यावर नुसतं टेकवून टिपा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. प्लॅस्टिकच्या जुन्या अल्बममधून काढलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर असतो, तो पीव्हीसी प्लॅस्टिकचा, तो शुद्ध ॲसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल, रंग, वास असतो. ॲसिटोन काचेच्या वाटीत, गॅसपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून. परदेशातला भाचा राणीछाप आठवण म्हणून बॅगेत घालून नेणार असेल तर त्याला थांबवा. शंभर वर्षं झालेलं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू धरलं जातं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही.

आणि पेटीतून नाही तर जमिनीतून निघालं असेल, विहीर खोदताना, शेत नांगरताना, वाड्याचा पाया काढताना, तर साफ करायचा प्रश्नच येत नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात, म्हणजे वाड्याच्या भिंतीतसुद्धा, लपवलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, होय, आकडा तेव्हाचाच आहे. आणि किल्ल्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं, संरक्षित स्मारकाच्या जागेत खणणं हा सरळ गुन्हा. जमिनीतल्या चांदीवर काळ्याबरोबर करडी, मेणासारखी खपली असते, ती सिल्व्हर क्लोराइड. तिच्या खालचा धातू ठिसूळ झालेला असतो, घासायला गेलात की तुकडा हातात. मातीसकट जसं आहे तसं डब्यात ठेवा, कुठे, किती खोल, कशाबरोबर सापडलं त्याचे फोटो काढा.

सराफाकडे उजाळ्याला द्यायचं असेल तर दुकानात तुमच्यासमोर वजन करून घ्या आणि परत घेतानाही करा. ॲसिडमध्ये बुडवून मशीनच्या चाकावर बफ करणार का ते विचारा, साध्या वाट्यांना ठीक आहे, नक्षीच्या कामाला नको म्हणून स्पष्ट सांगा. तुटलेली कडी, निखळलेला टाका, चेपलेलं फुलपात्र हे मात्र त्यांचंच काम, घरी पक्कड लावू नका. बाजारात मिळणारं चांदी बुडवायचं लिक्विड असतं तो काही सेकंदांचा खेळ आहे, त्यापेक्षा जास्त ठेवलं की चांदी खातं, आणि जेवणाच्या भांड्यांना मी ते लावणार नाही.

ठेवताना वर्तमानपत्र नको, लोकरीचं काही नको, रबरबँड नको, पुठ्ठ्याचा खोका नको. बिनस्टार्चचं धुतलेलं मलमलचं फडकं, त्यावर झिपलॉकची पिशवी, हवा दाबून काढलेली, आणि औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी. वस्तू पूर्ण कोरडी असू द्या. मिठाची चांदीची वाटी जेवण झालं की रिकामी करून धुवायची, मीठ त्यात रात्रभर राहिलं की खड्डे पडतात आणि ते कुठल्याच सोड्याने भरत नाहीत. बाकी जे वापरण्यासारखं आहे ते पेटीत परत टाकूच नका, फुलपात्र रोज पाणी प्यायला काढा, रोज धुऊन पुसलेल्या चांदीवर काळं बसायला सवडच मिळत नाही.